पाणाड्याचा नारळ

माण, खटाव, आटपाडी, जत. पाण्याला आसुसलेले तालुके. इथे बोअर मारायची तर आधी पाणाडी येतो. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो रानातून चालतो. नारळ उभा राहिला की जागा ठरली. 'त्याने सांगितलं तिथंच पाणी लागलं' हा अनुभव खोटा नसतो. पण नारळाविना लागलंच नसतं का? इथल्या बेसॉल्टमध्ये पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठतं, त्यामुळे नुसत्या अंदाजानेही काही बोअर लागतातच. कोरड्या गेलेल्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही, खरी मेख तिथेच आहे.

1990 साली जर्मनीत कासेल इथे अशाच पाणी शोधणाऱ्या सुमारे 30 जणांची चाचणी झाली. पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. निकाल नाणेफेकीसारखा.

जाणत्या शेतकऱ्याची नजर मात्र वेगळी गोष्ट. उंबर, ओढ्याची दिशा, शेजारच्या विहिरीची पातळी ही निरीक्षणं पडताळता येतात. भूवैज्ञानिकही ती विचारतात. तेव्हा बोअरसाठी कर्ज काढण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात एक चक्कर मारा.