हृदयशस्त्रक्रियेतील शिरोरक्षण : मेंदूतील प्राणवायूचे मापन

शिर, हृदय व बस्ती ही तीन मर्मे चरकसंहितेत प्रधान मानली आहेत. हृदयावरील शस्त्रक्रियेत यांपैकी दोहोंचा संबंध प्रत्यक्ष दिसून येतो. तळोजा औद्योगिक वसाहत व आसपासच्या गावांतील रुग्ण अशा शस्त्रक्रियेसाठी नवी मुंबई अथवा मुंबईस जातात. जाण्यापूर्वी व परतल्यावर ते आपल्याकडेही येतात. म्हणून या विषयाची ओळख आपणांस असावी, असे आम्हांस वाटते.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्ताभिसरण हृदय-फुप्फुस यंत्राकडे सोपविले जाते. या यंत्राचा प्रवाह बहुधा अखंड असतो, त्यात नाडीचे स्पंदन नसते. बोटाला लावावयाचा पल्स ऑक्सिमीटर स्पंदनावरच विसंबून असल्याने त्या काळात त्याचा भरवसा धरता येत नाही. मेंदू तर प्राणवायूवाचून काही मिनिटेच तग धरतो.

१९७७ साली फ्रान्स जॉब्सिस यांनी निकट-अवरक्त प्रकाशाच्या साह्याने मेंदूतील प्राणवायू बाहेरून जोखता येतो, हे दाखविले. कपाळाच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्ट्या लावून हा प्रकाश आत सोडतात. प्राणवायुयुक्त व प्राणवायुरहित हिमोग्लोबिन तो भिन्न प्रमाणात शोषतात. त्यावरून टक्केवारी काढली जाते. येथे स्पंदनाची गरज नाही. ही टक्केवारी सामान्यतः ६० ते ८० असते. ती मूळ आकड्याच्या २० टक्क्यांहून अधिक घसरल्यास अथवा ५० खाली गेल्यास भूलतज्ज्ञ मानेची स्थिती, नळ्या, रक्तदाब, कार्बन डायऑक्साइड व हिमोग्लोबिन क्रमाने तपासतात. एकाच बाजूचा आकडा उतरल्यास मान वळलेली असणे वा नळी सरकणे, ही शंका प्रथम घेतात.

या साधनाला मर्यादाही आहेत. ते मेंदूच्या केवळ पुढील भागाचे मापन करते. त्याच्या वापराने पक्षाघात अथवा स्मृतिभ्रम निश्चित टळतो, हे अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

आपले कर्तव्य शस्त्रक्रियेपूर्वीचे आहे. पांडुरोगी रुग्णाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता मुळातच उणी असते. अशा रुग्णाची हिमोग्लोबिन तपासणी वेळीच करवून घ्यावी. लसणाच्या अर्कासारखी काही द्रव्ये रक्त गोठण्यास विलंब लावू शकतात. अधिक रक्तस्राव झाल्यास हिमोग्लोबिन घटते, व त्याचा भार अखेर मेंदूवर पडतो. यास्तव चालू असलेल्या सर्व कल्पांची मात्रेसह यादी रुग्णाच्या हाती द्यावी व ती शल्यचिकित्सकास दाखविण्यास सांगावे. औषधविक्रेत्यांनीही शस्त्रक्रिया ठरलेल्या ग्राहकास हीच सूचना द्यावी. कोणते औषध केव्हा थांबवावे, याचा निर्णय शल्यचिकित्सकाच्या विचारानेच व्हावा.