फुलीटाक्यातलं गाव

पॅलेस्टिनी खेड्यातल्या बाईचा थोब विरला, तरी त्याच्या छातीवरचं भरतकाम सहसा वाया जाऊ देत नसत. तो चौकोन अलगद उसवायचा आणि नव्या झग्यावर बसवायचा. त्याला ‘कब्बा’ म्हणतात. कापड जीर्ण होणारच, पण महिनोन्‌महिने डोळे ताणून घातलेले टाके टिकलेच पाहिजेत, असा हा हिशेब. मला तो फार जवळचा वाटतो.

थोब म्हणजे सुती किंवा लिननचा पायघोळ, सैल झगा. त्यावरच्या भरतकामाला ‘तत्रीज’ म्हणतात आणि त्यात मान फुलीटाक्याचा. शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीवर रुमाल भरलेल्या कुणालाही त्याचं तंत्र लगेच कळेल: नक्षी छापायची नाही, आडवे-उभे धागे मोजत जायचं. मखमलीसारखं धागे न दिसणारं कापड असेल, तर वर जाळीदार कापड टाचून भरायचं आणि शेवटी त्या जाळीचा एकेक धागा ओढून काढायचा. लाल रंग सगळ्यांत लाडका. नक्ष्यांची नावंही आजूबाजूची: सरूचं झाड, बेथलेहेमचा चंद्र, पाशाचे तंबू.

जाणत्या नजरेला थोबवरून बाईचा मुलूख ओळखता येई. रामल्लाकडे उन्हाळ्यात पांढरा, हिवाळ्यात काळा झगा. बेथलेहेमात फुलीऐवजी रेशमी आणि जरीची दोरी कापडावर वळवून बारीक टाक्यांनी पक्की करत. तिथले कब्बे दुसऱ्या गावच्या नवऱ्यामुलीही विकत घेत. दक्षिणेकडच्या नकब वाळवंटातल्या बदाऊनी विधवा निळ्या धाग्याने भरत. पुन्हा लग्न करायचं ठरलं, की त्याच निळ्यात लाल टाके उमलू लागत. असा झगा मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला सोडत नाही.

ही कला बाहेरच्या वाऱ्याला कधीच बंद नव्हती. 1930 च्या दशकात डीएमसी या फ्रेंच कंपनीचे सुती धागे आणि नमुन्यांची पुस्तकं खेड्यांत पोचली; भौमितिक नक्ष्यांशेजारी गुलाब आणि पक्षी आले. कापड मात्र बरंचसं मजदल या विणकरांच्या गावच्या मागावरचं. नीळ दिलेल्या सुती कापडाच्या काठाला हिरवा आणि लाल पट्टा असलेल्या एका प्रकाराचं नाव होतं ‘जन्ना-व-नार’: स्वर्ग आणि नरक.

1948 च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले, चारशेहून अधिक गावं ओस पडली. 1950 पर्यंत मजदलचे विणकरही गाझात ढकलले गेले. तिथे त्यांनी पुन्हा माग मांडले. छावण्यांत वेगवेगळ्या गावच्या बायका शेजारी आल्या, एकमेकींचे टाके उचलू लागल्या. गावाची खूण पुसट होत गेली आणि थोब साऱ्या पॅलेस्टाइनचा झाला. लेबनॉनमध्ये 1969 साली स्थापन झालेल्या इनाश संस्थेने निर्वासित बायकांच्या हाताला या कामातून मिळकत दिली. युनेस्कोने 2021 मध्ये ही कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

त्याआधी, 1987 मध्ये सुरू झालेल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, इस्रायलव्याप्त भागात पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला बंदी होती. तेव्हा बायकांनी सरूच्या झाडांशेजारी, जुन्याच फुलीटाक्याने, लाल, हिरव्या, काळ्या, पांढऱ्या धाग्यांत झेंडा आणि देशाचा नकाशा भरला, आणि ते थोब घालून त्या घराबाहेर पडल्या.