गाडी बंद पडली? आधी कार्बोरेटर खोलू नका!

पहाटेची वेळ. डेअरीचे संकलन साडेसातला बंद होणार. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली जुनी मोटारसायकल वस्तीवरून निघते, दीड-दोन किलोमीटर झकास चालते आणि नेमकी ओढ्याच्या चढावर बसते. किका मारून मारून पाय भरून येतो. दहा-पंधरा मिनिटे उभी राहिली की गाडी काही झालेच नाही अशी चालू होते आणि पुढे दोन किलोमीटरवर परत बंद. आमच्या भागातील एका दूध उत्पादकाने हा खेळ आठवडाभर सोसला. तालुक्याच्या गॅरेजवर सांगण्यात आले, "कार्बोरेटर गेलाय, नवाच टाकावा लागंल." नवा टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ, तीच गाडी आणि परत आलेले दूध.

शेवटी गावातल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीला हात न लावता सांगितले, "तात्या, बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडून बघा." झाकण उघडले, फुस्स करून आवाज आला आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली. दोष होता झाकणातल्या हवेच्या बारीक भोकात. ते धुळीने बुजले होते. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचे तर तेवढी हवा वरून आत यावी लागते. हवा बंद झाली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचे थांबते. काम फुकटचे होते; पण कार्बोरेटरचे पैसे आणि आठवड्याचे दूध पाण्यात गेले.

अशी फसगत होऊ नये यासाठी गाडीची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने शिकून घेण्यासारखे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तरीही १९८५ साली आलेल्या सीडी १०० आणि आरएक्स १०० पासून १९९४ च्या स्प्लेंडरपर्यंत आणि त्यानंतरच्याही कितीतरी कार्बोरेटरवाल्या गाड्या आजही गावोगाव शेताच्या वाटा तुडवत आहेत. दूध, खताची पोती, वैरणीचा भारा, पंचनाम्याला निघालेले तलाठी भाऊसाहेब, सगळे त्यांच्याच भरवशावर असते.

वरून खाली या

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. कार्बोरेटर फक्त पहिल्या दोहोंचे मिश्रण करतो. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करून खाली यावे. टाकीत पेट्रोल आहे का, झाकणाचे भोक मोकळे आहे का, कॉक नीट उघडतो का, नळी दुमडलेली किंवा तडकलेली नाही ना, हे आधी पाहावे. गाडी 'ऑन'वर बंद पडते आणि 'रिझर्व्ह'वर चालते, एवढ्यावरून कार्बोरेटरला दोष देऊ नये. टाकीतले पेट्रोल 'ऑन'च्या नळीखाली गेले असेल किंवा त्या नळीची जाळी बुजली असेल.

आता खरी परीक्षा. इंजिन थंड असताना, उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून, कार्बोरेटरच्या वाटीखाली पांढरी काचेची बाटली धरा. वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि कॉक उघडा. पेट्रोलची सलग धार लागली पाहिजे. धार लागून थोड्या वेळात थेंब-थेंब होत असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहा. झाकण उघडताच धार वाढली तर दोष झाकणात. तरीही वाढली नाही तर कॉकची जाळी, नळी किंवा फिल्टर तुंबलेला आहे. आणि धार चांगली असूनही गाडी चालत नसेल, तेव्हाच पुढे कार्बोरेटरकडे किंवा प्लगकडे जायचे.

बाटलीतले पेट्रोल दोन मिनिटे स्थिर ठेवून उन्हाकडे धरून बघा. तळाला तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे. कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी टाकी साफ केल्याशिवाय हा त्रास जाणार नाही. तळाला वेगळा थर किंवा गोळ्या-गोळ्या दिसल्या तर ते पाणी समजावे.

इथेनॉल आणि पाणी

इथे थोडे थांबून इथेनॉल समजून घेऊ, कारण सध्या कोणताही दोष त्याच्या माथी मारला जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल काही पंपांवर आले आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. यातले काही इथेनॉल आपल्याच उसापासून बनते. त्यामुळे शेतकऱ्याने त्याचे गुणदोष दोन्ही जाणून घ्यावेत.

इथेनॉल पाणी ओढून धरते. थोडे पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच मिसळून जळून जाते. पण पावसाळ्यात झाकणातून किंवा गाडी धुताना जास्त पाणी गेले, तर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. कॉक तळालाच असल्याने गाडीला आधी तेच प्यायला मिळते. अशा वेळी वरून दोन लिटर ताजे पेट्रोल ओतून भागत नाही. टाकी आणि वाटी पूर्ण रिकामी करावी लागते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगही इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. नळी बदलताना इथेनॉलला टिकणारीच मागून घ्यावी.

ॲव्हरेजचे काय? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या दुचाकींसाठी २० टक्के इथेनॉलमुळे ३ ते ४ टक्के घट धरली आहे. म्हणजे ६० देणारी गाडी ५८ च्या आसपास यावी. तुमची गाडी ६० वरून ४५ वर आली असेल तर तो इथेनॉलचा नव्हे, गाडीचा दोष आहे. तो शोधलाच पाहिजे.

चोक ओढा, गाडी बोलेल

गाडी गरम झाल्यावर थोडा चोक ओढून पाहणे ही सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची परीक्षा आहे. चोक ओढल्यावर गाडी सुधारली, तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त जाते आहे. कारणे तीन: जेट बुजला, वाटीत पेट्रोल पुरेसे येत नाही किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून हवा शिरते. उलट चोक ओढताच गाडी आणखी गुदमरली, काळा धूर टाकू लागली, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. मग एअर फिल्टर, अडकलेला चोक आणि वाटीतली पातळी पाहावी. कित्येकदा सकाळी ओढलेला चोक दिवसभर तसाच राहिलेला असतो, हेही विसरू नये!

गाडी कधी त्रास देते यावरही बरेच कळते. उभी असताना बंद पडते पण रेस दिली की चालते, तर स्लो जेट किंवा हवेचा स्क्रू बघावा. मधल्या रेसला झटके मारत असेल तर स्लाइडची सुई आणि तिची क्लिप बघावी. फक्त भरधाव किंवा चढाला दम सोडत असेल तर मेन जेट किंवा पेट्रोलची धार बघावी. आणि रेस सोडल्यावरही आवाज आपोआप वर-खाली होत असेल तर जोडाचा रबर किंवा गॅस्केट तडकला असण्याची शक्यता मोठी. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर थोडे पाणी शिंपडा. आवाज बदलला तर दोष तिथेच. हा प्रयोग पेट्रोल शिंपडून करणारे महाभाग आहेत; गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला आवतण.

प्लगचा रंग

गाडी चार-पाच किलोमीटर चालवून बंद करा आणि थंड झाल्यावर प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काजळीसारखे कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, आणि अशी गाडी तशीच पळवली तर इंजिन तापून खर्च वाढतो. किका मारूनही गाडी चालू होत नाही आणि प्लग पेट्रोलने ओला निघतो, तर पेट्रोल पोचते आहे. तेव्हा आधी ठिणगी तपासावी. प्लग, कॅप किंवा कॉईलचा दोष असताना कार्बोरेटर उघडून बसणे म्हणजे दुखणे गुडघ्याला आणि पट्टी कपाळाला.

राजदूत, येझदी अशा टू-स्ट्रोक गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. तिथे काळा आणि तेलकट प्लग दिसला तर ऑईलचे प्रमाण आधी तपासावे. सायलेन्सर कार्बनने चोंदला असेल तरीही गाडी ओढत नाही आणि दोष मात्र कार्बोरेटरला लागतो.

वाटी वाहते तेव्हा

उभ्या गाडीखाली पेट्रोलचे थेंब पडत असतील तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. वाटीतला फ्लोट वर उचलला की सुई पेट्रोलचा रस्ता बंद करते. सुईखाली कचरा अडकला, ती झिजली किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले की वाटी भरून वाहते. पहिला उपाय म्हणजे कॉक बंद करणे. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच ठोकावे. कचरा असेल तर बरेचदा निघून जातो. परत परत वाहत असेल तर सुई बदलावी.

यात दोन धोके आहेत. घरात, चुलीजवळ किंवा गोठ्यात लावलेली गाडी वाहू लागली तर ठिणगीसुद्धा पुरेशी होते. दुसरे म्हणजे ओव्हरफ्लोची नळी बुजली असेल तर पेट्रोल इंजिनात उतरते. ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, ऑईलला पेट्रोलचा वास आला, तर गाडी अजिबात चालू करू नये. आधी दोष काढावा, मग ऑईल बदलावे.

जेटमध्ये तार घालू नका

जेट पितळेचा असतो, पितळ मऊ असते. सुई, तार, खिळा घालून साफ केला की भोक मोठे होते आणि ॲव्हरेज कायमचे जाते. पेट्रोलमध्ये किंवा क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकावा. उजेडाकडे धरल्यावर गोल, स्वच्छ भोक दिसले पाहिजे. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत बसवून किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवावे आणि बसवताना तेवढेच आटे बाहेर काढावेत. हा स्क्रू सगळ्या गाड्यांत सारखा वागत नाही. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर पेट्रोल वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर कमी होते.

एअर फिल्टर काढून गाडी चालवणे ही आणखी एक वाईट खोड. चार दिवस पिकअप वाढल्यासारखे वाटते, पण मुरमाच्या वाटेची धूळ थेट इंजिनात जाऊन रिंगा खाते. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, थोडे ऑईल लावून पिळून बसवावा. कागदाचा असेल तर धुऊ नये, झटकावा किंवा बदलावा.

गाडी उभी राहणार असेल तर

महिना-दोन महिने गाडी लागणार नसेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावी. वाटी रिकामी होते. नाहीतर उरलेले पेट्रोल उडून चिकट राळ राहते आणि सगळ्यात बारीक असलेला स्लो जेट आधी बुजतो. गावात बाटलीतले सुटे पेट्रोल घ्यायची वेळ आलीच तर त्याचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकून पाहावा. दोन मिनिटांत उडून डाग राहिला नाही तर ठीक. डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा. पंपावरही हा कागद मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

एवढे सगळे करूनही गाडी धरत नसेल, किक हलकी लागत असेल, निळा धूर येत असेल, तर दोष वॉल्व्ह-रिंगांत आहे आणि ते मिस्त्रीचेच काम. पण त्याच्याकडे जाताना "गाडी बंद पडते" एवढेच सांगू नका. "किती किलोमीटरवर पडते, झाकण उघडल्यावर काय होते, चोकला काय करते, प्लगचा रंग काय," एवढे सांगा. चांगला मिस्त्री खूश होईल आणि दुसऱ्या कुणाला नवा कार्बोरेटर गळ्यात मारता येणार नाही.

आणि हो, आजच संध्याकाळी टाकीच्या झाकणाचे ते भोक एकदा बघून घ्या.