सी-आर्मशिवाय रॉड

इंडोनेशियातल्या एका रुग्णालयात मांडीचे हाड मोडलेला एक माणूस पायाला वजन लावून पडला होता. किती दिवस? तीन वर्षे. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक ल्युइस झर्कल यांनी त्याला पाहिले. व्हिएतनाम युद्धात लष्करात काम केलेले झर्कल नंतर वर्षानुवर्षे स्वखुशीने परदेशी जाऊन तिथल्या डॉक्टरांना शिकवत होते. अडचण ज्ञानाची नव्हती. शिकलेल्या डॉक्टरच्या हाती हाडात घालायला रॉडच नव्हता.

आपल्याकडे 'पायात रॉड टाकलाय' हे वाक्य एसटीतही ऐकू येते. जर्मनीत गेरहार्ड कुंचर यांनी 1939 मध्ये हाडाच्या पोकळीत रॉड घालण्याचा हा मार्ग रुळवायला सुरुवात केली. जिथे तो पोचला नाही तिथे आजही वजन लावून सहा ते बारा आठवडे झोपवतात. हाड जुळते, पण कधी आखूड, कधी वाकडे. रुग्ण बहुधा कमावता तरुण, दुचाकीवरून पडलेला. तो खाटेवर असेतो घरची चूल कशी पेटते, हे केसपेपरवर लिहिलेले नसते.

रॉड आत गेला की तो फिरू नये म्हणून त्याच्या भोकांतून आडवे स्क्रू घालावे लागतात. भोके हाडाच्या आत, दिसणार कशी? मोठ्या रुग्णालयात सी-आर्म हे एक्स-रे यंत्र असते. शस्त्रक्रिया चालू असतानाच पडद्यावर हाड दिसते. पण हे यंत्र महाग, त्याला खात्रीची वीज लागते, आणि बिघडले तर दुरुस्त करणारा कुठून आणायचा?

झर्कल यांनी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंड इथे 1999 मध्ये 'साइन' ही संस्था काढली, ती या पेचावर उपाय म्हणून. त्यांचा रॉड भरीव स्टीलचा. नडगीला आणि मांडीला तोच चालतो. रॉडच्या वरच्या टोकाला बाहेरून एक लांब दांडा जोडतात, त्यावरच्या खुणा रॉडमधल्या त्या भोकांच्या, म्हणजे खाचांच्या, रेषेत येतात. तिथे हाडाला भोक पाडून डॉक्टर एक बारीक अवजार आत सारतो आणि खाच चाचपतो. अवजार खाचेत बसले की हाताला कळते, मग स्क्रू. हाडाची पोकळीही हातानेच फिरवून रुंद करतात.

मला यातली हिशेबाची पद्धत अधिक आवडते. स्थानिक डॉक्टर प्रत्येक शस्त्रक्रियेची माहिती आणि एक्स-रे संस्थेच्या नोंदवहीत ऑनलाइन चढवतो, संस्थेचे तज्ज्ञ त्यावर शेरे देतात, आणि वापरलेल्या रॉडच्या बदल्यात नवा रॉड फुकट येतो. नोंद नाही तर रॉड नाही! पन्नासहून अधिक देशांत तीन लाखांवर रुग्णांना असे रॉड बसले आहेत.

परदेशातून येऊन शस्त्रक्रिया करून परतणाऱ्या पाहुण्या पथकांना मी नावे ठेवत नाही. लॉस एंजेलिसच्या लॉरेन्स डॉर यांनी उभारलेले 'ऑपरेशन वॉक' कृत्रिम सांध्यांपासून भूलतज्ज्ञांपर्यंत सगळा सरंजाम बरोबर नेऊन दुसऱ्या देशात खुबे आणि गुडघे बदलते; वर्षानुवर्षे घरात अडकलेली माणसे चालू लागतात. पण पथकाचे विमान सुटल्यावर जखम चिघळली, तर दार वाजवायचे ते गावच्या डॉक्टरचेच.

त्या डॉक्टरला पुढची तपासणीही अवघड जाते. बरे वाटू लागलेला शेतकरी एक्स-रेसाठी दिवसभराची वाट तुडवत कशाला येईल? म्हणून 'साइन'च्या डॉक्टरांनी सोपी परीक्षा रूढ केली: रुग्णाने उकिडवे बसावे आणि हसावे, तसा फोटो काढावा. किती खाली बसता आले, आधार लागला का, चेहऱ्यावर कळ दिसते का, यावरून गुण. ज्या मुलखात शौचापासून स्वयंपाकापर्यंत सगळे उकिडवेच चालते, तिथे हाड कामाला आले की नाही, हे अशा फोटोतून बरेचसे कळते. हाड जुळले की नाही याचा पुरावा मात्र एक्स-रेच देतो.