रेल्वेचा प्रश्न गणिताच्या वर्गात: कंपन्या पीएचडी संशोधकांसोबत कसं काम करतात?

लोकलच्या टपावरचा, विजेच्या तारेला टेकणारा पँटोग्राफ मुंबईकरांच्या ओळखीचा. गाडी वेगात असताना तो तारेपासून सुटला, तर वीज खंडित होते. ब्रिटिश रेल्वेची हीच अडचण ऑक्सफर्डच्या गणितज्ञांपुढे आली. जॉन ऑकेंडन आणि ॲलन टेलर यांनी १९७१ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यातलं समीकरण आज 'पँटोग्राफ समीकरण' म्हणूनच ओळखलं जातं.

कंपनीने सुरुवात कुठून करायची? एक सोपा मार्ग म्हणजे स्टडी ग्रुप. ऑक्सफर्डमध्ये ही पद्धत १९६८ मध्ये सुरू झाली. सोमवारी कंपन्या आपले प्रश्न मांडतात. प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी गट करून आठवडाभर त्यावर काम करतात आणि शुक्रवारी निष्कर्ष सांगतात. पाच दिवसांत पूर्ण उत्तर मिळेलच असं नाही, पण घोडं कुठे अडलंय ते कळतं. पुढे तोच प्रश्न एखाद्याच्या पीएचडीचा विषय होऊ शकतो.

मात्र कंपनीची कोणती माहिती गुप्त राहील आणि संशोधकाला काय प्रसिद्ध करता येईल, हे आधीच लेखी ठरवावं. नाहीतर कंपनीला उत्तर मिळेल, पण संशोधकाचा प्रबंध अडकून पडेल.