सागवानाकडून पोलादाकडे

सावद्याच्या दक्षिणेकडून वाहणारी तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. त्याच सुरतेचे कसबी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ (१८१७) ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही जतन करण्यात आली आहे.

पुढे लोखंडाचे युग अवतरले. लंडनमधील ‘थेम्स आयर्नवर्क्स’ या नदीकाठच्या कारखान्यात १८६० साली ‘वॉरियर’ या चिलखती युद्धनौकेचे जलावतरण झाले. तिच्या साडेचार इंच जाडीच्या लोखंडी चिलखतामागे अठरा इंच सागवानाचा आधार होता. मुंबई बंदराच्या रक्षणार्थ ‘मॅग्डाला’ ही चिलखती नौकाही १८७० साली तेथेच तयार झाली. ज्या मुंबईने इंग्लंडला युद्धनौका पुरविल्या, तिच्याच रक्षणाची नौका आता थेम्सकाठाहून येऊ लागली.

परंतु कोळसा व लोखंड यांच्या खाणींपासून दूर असलेला हा कारखाना उत्तरेकडील गोद्यांच्या स्पर्धेत टिकला नाही. १९१२ साली तो बंद पडला. केवळ कसबावर उद्योग तगत नाही. त्यास कच्चा माल, भांडवल व सातत्याने मिळणारे काम यांची जोड लागते. १९६० साली शासनाने ताब्यात घेतलेल्या माझगाव गोदीस हे पाठबळ लाभले. तेथे बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात दाखल झाली आणि मुंबईची खंडित परंपरा पोलादाच्या रूपाने पुन्हा सुरू झाली.