आरमारी कप्तानाचा पुतळा आणि नरगुंदचे बाबासाहेब

सीमाभागात पुतळा हा रोजच्या पाहण्यातला आहे. कडोलीहून बेळगावला जा किंवा निपाणीकडे, चौकाचौकांत शिवराय दिसतात. शाळांच्या आणि वाचनालयांच्या आवारात अर्धपुतळे असतात. पण एखाद्याचा पुतळा उभा राहतो आणि दुसऱ्याचा राहत नाही, असे का होते? हे समजून घेण्यासाठी आम्ही एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचे उदाहरण घेत आहोत. ते दूरचे वाटेल, पण त्याचा धागा बेळगावपर्यंत येतो.

कप्तान विल्यम पील हा इंग्लंडचा पंतप्रधान रॉबर्ट पील याचा मुलगा. जन्म १८२४ चा. क्रिमियाच्या युद्धात पेटत्या वातीचा तोफगोळा हातांनी उचलून त्याने तटाबाहेर फेकला होता. या आणि अशा कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थान पेटला तेव्हा चीनकडे निघालेले त्याचे 'शॅनन' जहाज कलकत्त्याला वळवण्यात आले. पीलने जहाजावरच्या अवजड तोफा उतरवल्या, गंगेतून अलाहाबादपर्यंत नेल्या आणि तेथून पुढे खलाशांसह जमिनीवरून ओढत नेल्या.

त्या तोफांसमोर कोण होते, हे आपण विसरू नये. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस आपल्या येवल्याचे तात्या टोपे यांनी कानपुरात विंडहॅमच्या फौजेला मागे रेटले होते. ६ डिसेंबरला कॅम्पबेलच्या सैन्याने तात्यांचा पराभव केला. त्या लढाईत पीलचे खलाशी आणि त्यांच्या तोफा होत्या. पुढे मार्च १८५८ मध्ये पील लखनौला जखमी झाला आणि २७ एप्रिल रोजी कानपूरला देवीच्या रोगाने वारला. वय अवघे ३३.

पुढच्या दोन-तीन वर्षांत विल्यम थीड या शिल्पकाराने त्याचे संगमरवरी पुतळे घडवले. एक इंग्लंडमध्ये सँडी येथील चर्चमध्ये आहे, एक ग्रिनिचच्या आरमारी संग्रहालयाकडे आहे, तर एक कलकत्त्याच्या ईडन गार्डनमध्ये बसवला गेला.

मेलेल्या माणसाचा चेहरा दगडात कसा उतरतो? शिल्पकाराला आधी साम्य दाखवणारा पुरावा लागतो: चित्र, छायाचित्र किंवा मृत्यूनंतर चेहऱ्यावरून घेतलेला साचा. याच थीडने १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पतीच्या चेहऱ्याचा असा साचा घेतला होता. या आधारावर मातीत चेहरा घडवतात. मातीवरून प्लास्टरचा साचा काढून त्यात प्लास्टरची प्रत ओततात. मग प्रतीवरच्या ठळक बिंदूंची मापे घेऊन ती दगडावर उतरवतात आणि शेवटचा हात छिन्नीने फिरवतात. अर्धपुतळ्यात तर सगळी भिस्त चेहऱ्यावर. अंगावरचा गणवेश आणि पदके सोडली, तर ओळख पटवायला दुसरे काही नसते.

म्हणजे पुतळ्याला तीन गोष्टी लागतात. चेहऱ्याची नोंद, खर्च करणारी माणसे आणि उभे राहायला हक्काची जागा. पीलला तिन्ही मिळाल्या.

आता आपल्याकडे पाहू. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे, म्हणजेच बाबासाहेब, यांना मुलगा नव्हता. दत्तक घेण्याची परवानगी इंग्रजांनी नाकारली. मे १८५८ मध्ये त्यांनी उठाव केला. पोलिटिकल एजंट मॅन्सन सुरेबान येथे मारला गेला. नरगुंद पडले, बाबासाहेब पकडले गेले आणि १२ जून १८५८ रोजी त्यांना बेळगावात फाशी दिली गेली. पीलच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. संस्थान खालसा झालेले, वारस नाही, राज्य शत्रूचे. अशा वेळी त्यांचे स्मारक कोण उभारणार होते आणि कुठे? शौर्य कमी पडले म्हणून नव्हे, तर मागे कोणी उरू दिले नाही म्हणून त्यांच्या वाट्याला तेव्हा दगड आला नाही.

स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले. कलकत्त्यातला पील ईडन गार्डनमधून उचलून बराकपूरला इतर साहेबांच्या पुतळ्यांसोबत ठेवण्यात आला. मुंबईचा काळा घोडाही १९६५ मध्ये असाच भायखळ्याला हलवला गेला. आम्हाला हे योग्यच वाटते. ते फोडून टाकले असते तर त्या काळाचा पुरावाही गेला असता. चौकातून हलवले, एवढे पुरे झाले.

पण आमच्या मते खरा धडा वेगळाच आहे. १७ जानेवारीला आपण सीमालढ्याच्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. १९५६ पासून या लढ्यात तुरुंगात गेलेली, लाठ्या खाल्लेली माणसे गावोगाव होती. त्यांतल्या किती जणांचा एक तरी स्वच्छ फोटो आपल्याकडे आहे? चेहऱ्याची नोंदच नसेल, तर उद्या पैसा आणि जागा मिळूनही शिल्पकार काय करणार? तो अंदाजाने फेटा आणि मिशा घडवील, आणि पुढच्या पिढीला तोच चेहरा खरा वाटेल.

म्हणून आमची सर्वांना विनंती आहे. घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. सापडलेल्या फोटोच्या मागे माणसाचे नाव, गाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहा. ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे काम होणार आहे. पुतळा पुढेही उभारता येईल, पण ओळख पटवणारे पुन्हा भेटणार नाहीत.